हरीण, पारधी आणि पेरलेले गवत : निवापसुत्ताचा अभ्यास

वर्षावासाच्या तीन महिन्यांत आमच्या विहारात दर रविवारी सायंकाळी ग्रंथवाचन चालते. एके रविवारी निग्रोधमृग जातकाचे वाचन झाले. वाचन संपल्यावर उमरेडकडील एका खेड्यातून लेकीकडे आलेले एक वृद्ध उपासक उभे राहिले. त्यांचे चार एकर वावर जंगलाच्या धुऱ्याला लागून आहे. ते म्हणाले, "गुरुजी, पुस्तकातलं हरीण लय सज्जन दिसते. आमच्याइकडे रातच्याला चितळाचा कळप घुसते, अन् सकाळी हरभऱ्याला शेंडा राहत नाही. त्याचं काय करावं, हे कोण्या सुत्तात हाये का?"

वर्गात हशा पिकला. मला मात्र त्यांना उत्तर देता आले नाही. "पुढच्या रविवारी पाहू," असे सांगून मी वेळ मारून नेली. घरी येऊन जातके, मज्झिमनिकाय आणि सम्राट अशोकाचे लेख पुन्हा चाळले, तेव्हा हरीण, शिकार, शिकारीचा हंगाम आणि हरणांना बोलावण्यासाठी राखलेली जमीन या विषयाचा केवढा साठा आपल्या ग्रंथांत आहे हे माझ्या ध्यानात आले. प्रस्तुत लेख त्या शोधातून झाला आहे.

प्रथम शब्दाविषयी थोडे. पाली भाषेतील 'मिग' हा शब्द बराच व्यापक आहे. हरीण हा त्याचा मुख्य अर्थ, परंतु रानातील चतुष्पाद पशू एवढ्या मोकळ्या अर्थानेही तो येतो. आपल्या विदर्भात चितळ, सांबर आणि भेकर हे खरे हरणवर्गातील प्राणी. त्यांच्या नराला फाटे असलेली शिंगे येतात, ती दरवर्षी गळतात आणि पुन्हा उगवतात. रोही, काळवीट, चिंकारा आणि चौसिंगा हे कुरंगवर्गातील. त्यांची शिंगे पोकळ असून आयुष्यभर कायम राहतात. रोह्याला सरकारी कागदात नीलगाय म्हणतात, त्यामुळे काही लोक त्याला गाय समजतात. तो गायही नाही आणि हरीणही नाही. शेतकऱ्याला मात्र या वर्गवारीशी काय कर्तव्य? वावरात जो शिरला तो शिरला.

आता निवापसुत्ताकडे वळू. हे मज्झिमनिकायातील पंचविसावे सुत्त असून भगवंतांनी ते श्रावस्तीच्या जेतवनात सांगितले. 'निवाप' म्हणजे हरणांसाठी पेरलेला चारा, आणि तो पेरणारा 'नेवापिक'. सुत्ताच्या आरंभीच भगवान बुद्ध एक गोष्ट स्पष्ट करतात. हरणे दीर्घायुषी व्हावीत, पुष्ट व्हावीत, सुखाने नांदावीत म्हणून नेवापिक चारा पेरीत नाही. हरणांनी आत घुसावे, खाताना भान हरपावे, गाफील व्हावे आणि मग आपल्या मर्जीप्रमाणे त्यांचे करता यावे, एवढ्यासाठीच तो पेरतो.

पुढे चार कळपांची हकीकत येते. पहिला कळप सरळ चाऱ्यात घुसतो, खाऊन मस्त होतो आणि सापडतो. दुसरा कळप पहिल्याची गत पाहून चारा पूर्णपणे सोडतो आणि घोर रानात जाऊन राहतो. पण उन्हाळ्याचा शेवटचा महिना येतो, रानातले गवत आणि पाणी संपते, हरणांची हाडे निघतात, अंगातले बळ जाते आणि ती त्याच निवापाकडे परत येतात. तिसरा कळप अधिक हुशार. तो चाऱ्याच्या जवळच आडोशाला निवारा करतो, भान ठेवून खातो आणि लगेच परततो. नेवापिक चकित होतो. ही हरणे भुताखेतांची तर नव्हेत, अशी शंका त्याला येते! मग तो सर्व बाजूंनी दांड्यांचे कुंपण घालतो, त्यांचा निवारा शोधतो आणि तेही सापडतात. चौथा कळप जिथे नेवापिकाची आणि त्याच्या माणसांची गतीच नाही अशा जागी राहतो व तिथून सावधपणे येऊन खातो. नेवापिक हरतो. परंतु तो काय विचार करतो ते पाहा. या कळपाला छेडले तर तो इतरांना बिथरवील आणि सगळीच हरणे निवाप सोडून जातील, तेव्हा याच्याकडे दुर्लक्ष केलेलेच बरे! ज्या कोणी हे सुत्त प्रथम ऐकले असेल, त्यांत रानाचे जाणकार नक्कीच असले पाहिजेत. शिकाऱ्याच्या धंद्यातील हा हिशोब घरात बसून सुचणारा नाही.

अर्थ भगवंतांनीच उलगडून दिला आहे. निवाप म्हणजे पाच कामगुण, नेवापिक म्हणजे मार, आणि हरणांचे कळप म्हणजे श्रमण-ब्राह्मण. दुसरा कळप म्हणजे देहदंडन करणारे, जे अंगातले बळ संपले की पुन्हा भोगाकडे वळतात. तिसरा कळप म्हणजे संयमी, पण "जग शाश्वत आहे की अशाश्वत" अशा मतांच्या कुंपणात अडकलेले. चौथा कळप ध्यानाच्या मार्गाने माराच्या दृष्टीपलीकडे जातो. या बाजूवर आपल्याकडे पुष्कळ लिहिले गेले आहे, म्हणून मी येथे अधिक विस्तार करीत नाही. माझे लक्ष उपमेकडे आहे, कारण ती आपल्या डोळ्यांसमोर घडलेली आहे.

उन्हाळ्याच्या शेवटच्या महिन्यात गवत आणि पाणी संपणे म्हणजे काय, हे नागपूरच्या माणसाला समजावून सांगण्याची गरज नाही. मे महिन्यात पेंच, ताडोबा, नागझिरा, बोर येथील नाले कोरडे पडतात आणि मोजक्या पाणवठ्यांवर सारे रान गोळा होते. जुन्या मध्यप्रांतातील शिकाऱ्यांना हे चांगले ठाऊक होते. पाने झडली, पाणवठे आटले की मचाण बांधायचे आणि वाट पाहायची. जेथे माती खारट असते तेथे हरणे मीठ चाटायला येतात. अशा चाटणाच्या जागाही शिकाऱ्यांच्या नोंदीत असत. गवत जाळले की आठ-पंधरा दिवसांत कोवळे हिरवे कोंब फुटतात आणि त्यांवर चितळ हमखास येतात, हेही जंगलालगतच्या माणसांना पिढ्यान्‌पिढ्या माहीत होते. पाणी, मीठ आणि कोवळे गवत हे तीन निवाप रानात आयतेच असतात. नेवापिकाने त्यात पेरणीची भर घातली इतकेच.

ही विद्या फक्त भारताचीच नाही. अमेरिकेत आजही शरद ऋतूत हरणांच्या शिकारीचा कायदेशीर मोसम असतो. परवाना काढावा लागतो, नर किती व मादी किती हे ठरवून दिलेले असते, आणि पुष्कळ जमीनमालक आपल्या रानात क्लोव्हर, ओट, सलगम यांचे लहान लहान तुकडे मुद्दाम पेरतात, म्हणजे मोसमात हरणे तेथे येतात. तेथील पुष्कळ भागांतून लांडग्यासारखे शिकारी प्राणी माणसाने पूर्वीच नाहीसे केले, त्यामुळे हरणांची संख्या आवरण्यासाठी शिकार हवी असे तेथील सरकारी खाती मानतात. गंमत अशी की, काही राज्यांत धान्याचे ढीग टाकून हरणे बोलावण्यास बंदी आहे, पण पेरलेल्या पिकाला नाही. ढिगावर तोंडाला तोंड लागून हरणांत रोग पसरतो, हे बंदीचे एक कारण आहे. हरणांची झीज करून मारणारा असा एक असाध्य रोग १९६७ साली कोलोरॅडो राज्यात प्रथम आढळला आणि पुढे तो दूरवर पसरला. अडीच हजार वर्षांनंतरही निवाप पेरला जात आहे, आणि त्याचे नियम करावे लागत आहेत.

हंगामाचा विचारही आपल्या ग्रंथांत आहे. अकराव्या क्रमांकाच्या लक्खण जातकात मगध देशातील एक मृगराज आपल्या लक्खण आणि काळ या दोन पुत्रांना पाचपाचशे हरणे वाटून देतो आणि म्हणतो की, पिके उभी असतात तो काळ हरणांना धोक्याचा. तेव्हा शेतकरी खड्डे खणतात, सूळ रोवतात, दगडाचे सापळे आणि फास लावतात. म्हणून डोंगरपायथ्याच्या रानात जा आणि कापणी झाल्यावर परत या. काळ नावाचा पुत्र वेळ-अवेळ न पाहता गावाजवळून, भर सकाळी नि संध्याकाळी कळप नेतो आणि सारा कळप गमावतो. लक्खण गाव टाळून मध्यरात्री चालतो आणि सर्वांना सुखरूप आणतो. येथे पारधी कोण आहे ते लक्षात घ्यावे. हा राजा नाही, हौशी शिकारीही नाही. पीक राखणारा साधा शेतकरी आहे. म्हणजे आमच्या उमरेडच्या उपासकांचा प्रश्न जातककाराला माहीत होता!

मानवी कायद्यातील हंगाम पुष्कळ उशिरा आला. इंग्रजी अमलात १९१२ सालच्या वन्य पक्षी व प्राणी संरक्षण कायद्याने हरणांसह काही प्राण्यांसाठी बंद हंगाम ठरवण्याचा अधिकार प्रांतिक सरकारांना दिला. राखीव जंगलांत शिकारीचे 'ब्लॉक' पाडलेले असत आणि त्यांचे परवाने मिळत. मध्यप्रांत हा शिकाऱ्यांचा मोठा प्रांत. कॅप्टन फोर्सिथ यांचे सातपुड्यावरील पुस्तक १८७१ सालचे, तर डनबार ब्रँडर या वनाधिकाऱ्याचे मध्य भारतातील वन्य प्राण्यांवरील पुस्तक १९२३ सालचे. त्यांत हरणांविषयी बारीक निरीक्षणे सापडतात. हाका करणारी माणसे कोण होती याचा उल्लेख मात्र अशा पुस्तकांत ओझरताच असतो.

माझे आजोबा हाक्याला जात. गावच्या मालगुजाराकडे पाहुणे आले की सांगावा येई. डबे, ढोल, काठ्या घेऊन पहाटे निघायचे, अर्धवर्तुळ करून आरडाओरड करीत रान झोडपायचे आणि जनावरे बंदुकीसमोर न्यायची. पेरणीचे दिवस असोत की कापणीचे, नाही म्हणण्याची सोय नव्हती. निग्रोधमृग जातकाचा आरंभ वाचताना मला आजोबा आठवतात. वाराणसीचा राजा ब्रह्मदत्त याला रोज मांस लागे आणि शिकारीसाठी तो प्रजेला कामधंदा सोडून यायला लावी. लोकांनी विचार केला की, हा राजा आपली कामे बुडवतो. त्यापेक्षा राजोद्यानातच गवत पेरू, पाण्याची सोय करू, रानातील हरणे हाकून आत घालू आणि दार लावून घेऊ. राजाने तेथेच काय ते करावे! त्याप्रमाणे त्यांनी केले. निवाप पेरणारे हात येथे राजाचे नाहीत. बिगारीतून सुटका हवी असलेल्या कष्टकऱ्यांचे आहेत, आणि त्या सुटकेची किंमत हरणांनी मोजली.

ताडोबाच्या जंगलात १९३५ साली शिकार बंद झाली आणि १९५५ साली, विदर्भ तेव्हाच्या मध्य प्रदेशात असताना, सुमारे ११६ चौरस किलोमीटरचे राष्ट्रीय उद्यान झाले. १९७२ सालच्या वन्यजीव संरक्षण कायद्याने देशभर कडक नियम केले, तरीही मूळ कायद्यात परवाना काढून शिकार करण्याची वाट शिल्लक होती. पाणवठ्यावर, मीठचाटणावर किंवा तेथे जाण्याच्या वाटेवर दबा धरण्यास मात्र तेव्हापासूनच मनाई होती. निवापाचा धर्म ओळखून केलेलेच हे कलम म्हणावे लागेल. १९९१ सालच्या दुरुस्तीने परवान्याची वाटही बंद केली. आज भारतात हरणांच्या शिकारीचा मोसम नाही. बाराही महिने बंद हंगाम आहे. माणसाच्या जिवाला धोका किंवा उभ्या पिकाचे नुकसान अशा कारणांसाठी अधिकृत अधिकारी ठराविक प्राण्यांपुरती लेखी परवानगी देऊ शकतो. आपल्या राज्यात रोही आणि रानडुक्कर यांच्याबाबत अशा परवानग्यांचा विषय वारंवार निघतो.

या बंदीची मुळे आपल्याच मातीत आहेत. सम्राट अशोकाच्या पहिल्या शिलालेखात राजाच्या पाकशाळेसाठी रोज मारल्या जाणाऱ्या लाखो प्राण्यांची संख्या तीनवर आल्याचे नमूद आहे : दोन मोर आणि एक हरीण, तेही नेहमी नव्हे, आणि पुढे हे तीनही मारले जाणार नाहीत. आठव्या शिलालेखात पूर्वीचे राजे शिकारीच्या विहारयात्रा करीत, त्याऐवजी आपण धम्मयात्रा सुरू केली, असे तो सांगतो. या आठव्या लेखाचा तुकडा १८८२ साली भगवानलाल इंद्रजी यांना ठाणे जिल्ह्यातील सोपारा (आता पालघर जिल्हा) येथे मिळाला. पाचव्या स्तंभलेखात विनाकारण किंवा जीव मारण्यासाठी रान जाळू नये, अशी आज्ञा आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रातही अभयवने आहेत, परंतु त्याच ग्रंथात राजाच्या क्रीडेसाठी एकच दार असलेले, खंदकाने वेढलेले, गोड फळांची झाडे आणि उथळ तळे असलेले मृगवन सांगितले आहे. तेथील हिंस्र श्वापदांची नखे आणि दात आधीच काढून टाकायचे! राजाच्या शौर्याविषयी याहून अधिक काय बोलावे?

नागपूरकरांनी सोपाऱ्यापर्यंत जाण्याचेही कारण नाही. चंद्रपूर जिल्ह्यात नागभीडच्या बाजूला देवटेक नावाचे गाव आहे. तेथे सापडलेल्या शिळेवर दोन लेख आहेत. एक वाकाटक राजा पहिला रुद्रसेन याचा. दुसरा त्याहून कितीतरी जुना, अशोककालीन ब्राह्मी लिपीतला. त्यातील काही अक्षरे गेली आहेत, पण एका स्वामीने चिकंबरी येथील अमात्याला पाठवलेली, पकडण्यास व मारण्यास मनाई करणारी ती आज्ञा आहे. महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी तिचा अभ्यास करून अशोकाच्या धम्ममहामात्राशी तिचा संबंध जोडला. ही शिळा नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयात, म्हणजे आपल्या अजब बंगल्यात आणली गेली. आपण मुलांना तेथे नेतो ते पेंढा भरलेले वाघ-अस्वल दाखवायला. पुढच्या वेळी या शिळेचीही चौकशी करावी.

आता आजच्या निवापाविषयी. ताडोबा-अंधारी प्रकल्पातून नवेगाव (रामदेगी), जामणी ही गावे गेल्या दशकात बाहेर बसवण्यात आली. गाव उठल्यावर शेते मोकळी पडतात, पण तेथे आपोआप चांगले गवत येईल असे नाही. पहिल्या पावसाळ्यात तरोटा आणि रानतुळस माजते, कडेने रायमुनिया, म्हणजे घाणेरी, पुढे सरकते. यांपैकी कशालाच हरीण सहसा तोंड लावीत नाही. म्हणून तरोटा फुलावर येऊन बी धरण्यापूर्वी उपटावा लागतो. कापून भागत नाही, तो पुन्हा फुटतो. बी एकदा मातीत पडले की पुढील कित्येक वर्षांची निश्चिती! त्यानंतर मारवेल, पवन्या यांसारख्या स्थानिक गवतांचे बी गोळा करून पेरतात किंवा ठोंब लावतात. काही पट्टे उंच ठेवतात, कारण चितळाची पाडसे त्यांत लपतात. काही आखूड राहतात, कारण चितळाला कोवळे, बोटभर गवत आवडते आणि उघड्यावर दुरून वाघ दिसतो. सांबराला मात्र झाडझाडोरा लागतो; तो पाला खाणारा. एकाच प्रकारची जमीन करून सगळी हरणे येत नाहीत. वणवा पसरू नये म्हणून उन्हाळ्यापूर्वी जाळरेषा घेतात. मोहफुले वेचण्यासाठी झाडाखालचा पाचोळा जाळण्याची सवय अजून आहे, आणि त्या एका काडीने वर्षाची मेहनत राख होते. पाचव्या स्तंभलेखातील आज्ञेची मला तेव्हा आठवण होते.

अशा कुरणांचे फळ शेजारच्या कान्हा येथे दिसले. तेथील बारशिंगा १९७० साली अवघे ६६ उरले होते. गावे उठल्यावर झालेली कुरणे, शिकारी प्राण्यांपासून सुरक्षित असा कुंपणातील वाडा आणि राखण यांमुळे तो कळप तगला, वाढला आणि पुढे त्यातील काही बारशिंगे दुसऱ्या अभयारण्यांत नेऊन सोडता आले.

येथे एक शंका मनात येते आणि ती लपवणे योग्य नाही. हे गवत हरणांसाठी पेरले जाते की वाघासाठी? आणि वाघ पर्यटकासाठी? नेवापिकाविषयी भगवंत म्हणाले तसे आपणही म्हणू शकतो का, की हरणांनी दीर्घायुषी व्हावे म्हणून हे पेरलेले नाही? मी यावर पुष्कळ विचार केला. वाघाने हरीण खाणे हा रानाचा क्रम आहे. त्यात फास नाही, कुंपण नाही, आणि हरणाला पळण्याची वाट मोकळी आहे. निवापातील दोष गवताचा नव्हता, पेरणाऱ्याच्या हेतूचा होता. तरी गाव उठवून झालेल्या कुरणावर ज्यांची घरे होती त्यांचे पुढे काय झाले, हा प्रश्न कुरणाइतकाच महत्त्वाचा मानला पाहिजे. हिरवे गवत पाहून तो विसरला जातो.

हेतू बदलला की तीच जागा कशी बदलते याचे एक उदाहरण आपल्या सर्वांच्या ओळखीचे आहे. वैशाखी पौर्णिमेच्या रात्री महाराष्ट्रातील अभयारण्यांत पाणवठ्याकाठी मचाणावर बसून प्राणी मोजण्याची प्रथा वर्षानुवर्षे चालत आली आहे. शास्त्रीय गणनेसाठी आता स्वयंचलित कॅमेरे आणि ठराविक रेषांवरून चालून केलेल्या नोंदी वापरतात. मचाणावरची रात्र 'निसर्गानुभव' म्हणून उरली आहे. तोच पाणवठा, तेच मचाण, उन्हाळ्याचे तेच दिवस. पण हातात बंदुकीऐवजी वही. माझा पुतण्या एकदा बसला होता. पहाटेपर्यंत त्याने एकोणीस चितळ, चार रानडुकरे आणि एक सायाळ लिहिली. वाघ न दिसल्याने तो हिरमुसला होता. मी त्याला म्हटले, बुद्धपौर्णिमेला एकोणीस हरणे पाणी पिऊन सुखरूप परत गेली, ही नोंद कमी आहे काय?

अखेर उमरेडच्या उपासकांच्या प्रश्नाकडे यावे लागते. निग्रोधमृग जातकाची गोष्ट आपण बहुधा अर्ध्यावर थांबवतो. गाभण हरिणीची पाळी आली असता मृगराज निग्रोध तिच्याऐवजी स्वतः गंडीवर मान ठेवतो, राजाचे हृदय पालटते, आणि तो प्रथम त्या दोघांना, मग उद्यानातील सर्व हरणांना, मग बाहेरच्यांना, शेवटी पक्षी आणि मासे यांनाही अभय देतो. येथे टाळ्या पडतात. परंतु जातक पुढे चालू राहते. अभय मिळालेली हरणे लोकांची पिके खाऊ लागतात. कोणी त्यांना मारू धजत नाही. लोक राजवाड्याच्या अंगणात जमून गाऱ्हाणे मांडतात. राजा म्हणतो, मी निग्रोधाला वचन दिले आहे; राज्य गेले तरी ते मोडणार नाही. म्हणजे राजा आपले वचन पाळतो आणि नुकसान शेतकऱ्याचे होते! ही गोष्ट आजच्या काळातील वाटली तर नवल नाही. मग तोड कोण काढतो? मृगराज निग्रोध. तो आपल्या कळपाला परक्यांचे पीक न खाण्यास बजावतो आणि लोकांना निरोप पाठवतो की, कुंपणे घालू नका. फक्त शेताच्या कडेने पानांची खूण बांधा. तिला पालीत 'पण्णसञ्ञा' म्हटले आहे. तेव्हापासून हरणे ती खूण ओलांडीत नाहीत, असे जातक सांगते.

आपली चितळे पानांची खूण मानणार नाहीत. पण खुणेची कल्पना मला महत्त्वाची वाटते : हद्द दाखवायची, जीव घ्यायचा नाही. आज जंगलालगतच्या काही वावरांत याच्या उलट चालते. घरगुती विजेचा करंट उघड्या तारेत सोडला जातो. कोणी पीक वाचवण्यासाठी लावतो, कोणी मांसासाठी. एप्रिल २०१७ मध्ये नागभीड तालुक्यात 'श्रीनिवास' नावाने ओळखला जाणारा वाघ अशाच तारेने मेला. देवटेकची आज्ञा ज्या मुलखात सापडली त्याच मुलखात हे घडले. अशा तारेला पाय लागून माणसेही मेली आहेत, कधी शेजारी, कधी स्वतः तार लावणारा. याउलट सौर ऊर्जेवरचे 'झटका मशीन' क्षणभराचा धक्का देते. त्यातील दाब जास्त असतो पण प्रवाह क्षणापुरताच वाहतो, म्हणून जनावर दचकून मागे फिरते, मरत नाही. घरच्या मीटरवरून आकडा टाकून तसे मशीन होत नाही, हे तरुणांना स्पष्ट सांगितले पाहिजे. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेतून अशा कुंपणाला अनुदानाची सोय झाली आहे. पीक खाल्ल्यास भरपाईसाठी अर्जही करता येतो. मात्र नुकसान दिसताच कळवावे आणि पंचनामा होईपर्यंत शेत तसेच ठेवावे.

मग जीव घेण्याचा प्रश्न मुळीच उद्भवत नाही काय? डॉ. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथात मारण्याची इच्छा आणि मारण्याची गरज यांतील भेद दाखवला आहे, आणि अहिंसा हे भगवंतांनी तत्त्व म्हणून सांगितले, जखडून टाकणारा नियम म्हणून नव्हे, असे प्रतिपादन केले आहे. चार एकरांवर जगणाऱ्या माणसाला शहरात बसून उपदेश करणाऱ्यांनी हा भेद आधी वाचावा, असे मला वाटते. तो वाचल्यावर त्याच माणसाला असेही विचारता येते की, रात्री तार टाकताना गरज किती होती आणि मटणाची आशा किती?

पुढच्या रविवारी मी हे सर्व वर्गात मांडले. ते उपासक शांतपणे ऐकत होते. शेवटी म्हणाले, "म्हणजे राजा वचन देऊन मोकळा झाला, अन् जागली आम्हालेच कराव लागते, असंच ना गुरुजी?" मी म्हटले, होय, जातकात तसेच आहे. ते हसले. यंदा त्यांनी आणि शेजारच्या दोघांनी मिळून एक झटका मशीन घेतले आहे. तारेला जागोजागी पांढऱ्या चिंध्या बांधल्या आहेत, म्हणजे हरणाला अंधारात तार दिसावी. हरभरा पेरून झाला आहे. जंगलाच्या बाजूचा धुरा त्यांनी दोन तास सोडून मोकळा ठेवला, तेथे गवत वाढू दिले, आणि चितळे बहुतेक तेथेच थांबतात, असे त्यांनी फोनवर सांगितले. रोही मात्र अजून तार ओलांडून येतो, त्यामुळे मचाणावरची जागल सुटलेली नाही.